रुग्णालयाची संगणक प्रणाली बदलताना वीस वर्षांच्या जुन्या नोंदींचे काय करावे?

पांढरे_सोने यांचा प्रश्न

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या साठ खाटांच्या धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यालयात मी काम करतो. आमच्या विश्वस्त मंडळाने नवीन संगणक प्रणाली घेण्याचे ठरवले असून दोन कंपन्यांची दरपत्रके हाती आली आहेत. दोन्हींत संगणक, छपाईयंत्रे, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा हिशेब ओळीओळीने मांडलेला आहे. जुन्या माहितीबद्दल मात्र दोघांनीही ‘डेटा मायग्रेशन, एकरकमी’ एवढीच एक ओळ लिहिली आहे. त्या ओळीत नेमके काय येते हे विचारायला गेलो, तर त्यांनी मलाच उलट विचारले की तुम्हाला काय काय हवे आहे. उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमच्याकडे नोंदींचे तीन थर आहेत. २००४ पर्यंतचे सारे रजिस्टरांत आणि केसपेपरांच्या गठ्ठ्यांत आहे. त्यानंतर २०१२ पर्यंत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला एक प्रोग्राम होता, जो गावातल्याच एका मुलाने शिकता शिकता करून दिला होता. त्यात नोंदणी, बिले, डिस्चार्जचा गोषवारा आणि प्रयोगशाळेचे अहवाल आहेत. २०१२ पासून दुसरी प्रणाली चालू आहे. तिच्यातून डिस्चार्ज कार्डावरचा सल्ला मराठीत छापून मिळतो, ही तिची जमेची बाजू. ती प्रणाली आली तेव्हा फॉक्सप्रोतील माहिती ‘नंतर आणू’ असे सांगण्यात आले होते. ती आजतागायत आलेली नाही. तो जुना संगणक रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेला आहे आणि सुरू करताना त्याचा पंखा बोटाने फिरवून द्यावा लागतो.

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जन्मावेळचे कागद हवे होते. त्यांनी पन्नीत गुंडाळून जपलेले आमचेच जुने कार्ड पुढे केले. त्यावर क्रमांक होता ४५६१. सध्याच्या प्रणालीत तो टाकल्यावर हर्नियाचे ऑपरेशन झालेले एक गृहस्थ समोर आले. फॉक्सप्रोच्या काळात आमच्याकडे क्रमांक दर १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होत असत आणि वर्ष कार्डाच्या कोपऱ्यात शाईने लिहीत असत. ती शाई घडीवर पुसली गेली होती. शेवटी मुलीच्या जन्मतारखेवरून वर्ष काढले, जुना संगणक चालू केला आणि नोंद सापडली. बाई सकाळी साडेनऊला आल्या होत्या, कागद हाती पडेपर्यंत शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती.

माझे प्रश्न असे आहेत. सर्वच माहिती नव्या प्रणालीत न्यावी, की काही मागे ठेवली तरी चालेल? मागे ठेवल्यास ती कशी ठेवावी, म्हणजे पुन्हा पंखा फिरवण्याची वेळ येणार नाही? आणि कंपनीशी करार करताना कोणती वाक्ये लिहून घ्यावीत? विश्वस्तांना १५ ऑगस्टला उद्घाटन करायचे आहे. सध्याच्या प्रणालीचा देखभाल करार पुढच्या वर्षी ३१ मार्चला संपतो.

वर्धाकाठ यांचे उत्तर

मी रुग्णालयांची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचे काम करतो, त्यामुळे माझे मत व्यवसायाकडे झुकलेले असू शकते, हे आधीच सांगतो.

पहिले काम कंपनी निवडण्याच्याही आधीचे आहे आणि ते याच आठवड्यात करावे. फॉक्सप्रोच्या संगणकातील हार्ड डिस्क काढून तिची संपूर्ण प्रतिमा (म्हणजे जशीच्या तशी नक्कल) एखाद्या जाणकाराकडून दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि त्यातील एक डिस्क रुग्णालयाच्या इमारतीबाहेर ठेवा. निवडक फाइली कॉपी करून भागत नाही. तुम्ही लिहिलेला डिस्चार्जचा गोषवारा बहुधा मेमो फील्डमध्ये, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यात, असेल, आणि फॉक्सप्रो मेमोचा मजकूर मुख्य तक्त्याच्या डीबीएफ फाइलमध्ये न ठेवता शेजारच्या एफपीटी फाइलमध्ये ठेवतो. केवळ डीबीएफ उचलून आणल्यामुळे नावे आली आणि गोषवारे गेले, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

याच जुन्या फाइलींची आणखी एक खोड आहे. डीबीएफमध्ये एखादी नोंद ‘खोडली’ तरी ती फाइलीतून जात नाही. तिच्या सुरुवातीला राखून ठेवलेल्या एका जागी तारांकन (*) बसते आणि प्रोग्राम तिला लपवतो. पॅक नावाची आज्ञा दिल्यावरच ती खरोखर नाहीशी होते, आणि तो उद्योग वर्षानुवर्षे कोणी केलेला नसतो. माहिती ओढणाऱ्या साधनाने ते चिन्ह पाहिले नाही, तर रद्द केलेली बिले आणि चुकून दोनदा नोंदवलेले रुग्ण नव्या प्रणालीत जिवंत होऊन बसतात. उलट, सरसकट गाळूनही टाकू नयेत, कारण कोणती नोंद कोणी रद्द केली हेही कधीतरी विचारले जाते. खोडलेल्या नोंदी वेगळ्या फाइलीत काढून ठेवाव्यात.

आता काय न्यावे याविषयी. माझा अनुभव असा की सर्व काही नव्या प्रणालीत ओतण्याचा हट्ट धरला की काम लांबते, खर्च वाढतो आणि शेवटी घाईत केलेला भाग नेमका महत्त्वाचा निघतो. नव्या प्रणालीत रुग्णाची ओळख, जुना क्रमांक, औषधांची ॲलर्जी, मोठी ऑपरेशने, दीर्घकालीन आजार आणि डिस्चार्जचा गोषवारा एवढे न्यावे. बाकीची बिले, रोजच्या नोंदी आणि जुने अहवाल न बदलता येणाऱ्या, केवळ वाचण्याच्या संग्रहात ठेवावेत. त्यासाठी प्रत्येक रुग्णाची नोंद पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठी ठरवलेल्या प्रकारात काढता येते, आणि मूळ तक्ते युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातील साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलींत ठेवता येतात. या दोन्ही गोष्टी उघडण्यासाठी कोणत्याही कंपनीचे पाय धरावे लागत नाहीत. मात्र त्या सीएसव्ही फाइली एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. तेथे क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ जुलैचा ७ मे होतो.

जुना क्रमांक नव्या प्रणालीत वर्षासह न्यावा, म्हणजे ‘२००९-१०/४५६१’ असा, आणि नोंदणी खिडकीवरच्या शोधात तो चालला पाहिजे असे करारात लिहावे. तुमच्या बाईंची अडचण एवढ्याने सुटली असती.

वयाबद्दलही सांभाळा. जुन्या प्रणालीत जन्मतारीख नसते, ‘वय ४५’ एवढेच असते. ते वय कोणत्या दिवशीचे हे पाहून जन्मवर्ष काढावे लागते. काही प्रणाली अशा वेळी १ जानेवारी ही तारीख परस्पर भरतात आणि पुढे ती खरीच मानली जाते. अंदाजाने काढलेले वर्ष अंदाजाचे आहे, अशी खूण सोबत गेली पाहिजे.

जुनी_फाइल यांचे उत्तर

अमरावतीकडील एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी सारी नोकरी झाली. वर्धाकाठ यांचे तांत्रिक मुद्दे मान्य आहेत, पण ‘बाकीचे संग्रहात ठेवावे’ या वाक्यावर माझा थोडा आक्षेप आहे. संग्रह कोणाच्या हातात, हे आधी ठरले पाहिजे. रात्री अडीच वाजता सर्पदंशाचा रुग्ण येतो तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरला तो संग्रह नाव आणि गाव टाकून पाहता आला, तरच त्याला अर्थ आहे. अन्यथा चादरीखालचा संगणक जाऊन कपाटातली डिस्क येईल, एवढाच फरक पडेल.

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी लिहितो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. ‘तीन वर्षे झाली, आता गठ्ठे रद्दीत घाला’ हा निष्कर्ष त्यावरून काढणारे बरेच भेटतात. तो चुकीचा आहे. एमएलसीचे, म्हणजे पोलीस-न्यायालयाशी संबंधित रुग्णांचे, कागद प्रकरण न्यायालयात अंतिमरीत्या निकाली निघेपर्यंत हलवू नयेत. तुमच्या जिल्ह्यात तर २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली होती. त्या काळातील भरतीच्या नोंदी तुमच्याकडे असतील, तर त्यांवर वेगळी खूण करून त्या मूळ कागदांसह राखाव्यात. गर्भवतींच्या सोनोग्राफीचे, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचे एफ फॉर्म २ वर्षे, आणि खटला चालू असल्यास तो संपेपर्यंत. प्रसूती आणि नवजात बालकांच्या नोंदींना मात्र आम्ही किमान २१ वर्षांचा नियम लावला होता, कारण अल्पवयीनाच्या बाबतीत दावा करण्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाऊ शकते. प्रश्नातील मुलीचे उदाहरण पाहता त्याचे दुसरे कारणही कळते.

गर्भपाताच्या रजिस्टरची गोष्ट निराळी आहे. ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून ५ वर्षे ठेवायचे असते आणि ते गोपनीय दस्तऐवज असते. जुन्या प्रोग्रामांत मात्र ही प्रक्रिया इतर ऑपरेशनांसारखीच बिलाच्या तक्त्यात लिहिलेली सापडते, कारण पैसे घ्यायचे होते. तो तक्ता जसाच्या तसा नव्या प्रणालीत गेला, तर औषधाच्या खिडकीवरचा माणूसही ते वाचू शकेल. एचआयव्ही तपासणीचेही तसेच. २०१७ च्या कायद्याने त्या माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे. नव्या प्रणालीत कोणाला काय दिसावे हे ठरवताना सर्व जण नव्या नोंदींचा विचार करतात आणि जुन्या नोंदी मागच्या दाराने उघड्या पडतात.

धर्मादाय रुग्णालय असल्याने निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांवर झालेल्या खर्चाचा हिशेबही जपावा. बिले ‘कमी महत्त्वाची’ म्हणून बाजूला टाकताना हे लक्षात राहत नाही, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून विचारणा आली की धावपळ होते.

एक शेवटचे. गावांच्या नावांची यादी तयार करायला तलाठी कार्यालय किंवा ग्रामपंचायतीतील कोणी बसवा. खुर्द आणि बुद्रुक गाळून लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यामुळे दोन गावांतले एकाच नावाचे दोन रुग्ण सहज एक होतात. शासनाच्या स्थानिक संस्थांच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे. नवी यादी त्यावर आधारलेली असावी.

सूक्ष्मदर्शक यांचे उत्तर

मी गडचिरोलीकडे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. वरच्या पहिल्या उत्तरात प्रयोगशाळेचे अहवाल ‘जुने’ म्हणून एका वाक्यात निकाली निघाले आहेत आणि दुसऱ्यात त्यांचा उल्लेखही नाही, म्हणून लिहिते.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि (स्वतः आजारी नसलेले) वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि तुमच्याकडेही जुन्या अहवालांत ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले अनेक रुग्ण निघतील. हा शेरा बहुतेक वेळा सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीचा असतो. ती चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासण्या केल्यावरच कळते. आमच्याकडे प्रणाली बदलली तेव्हा कंपनीच्या मुलाने नव्या यादीत ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ला जवळचा पर्याय शोधला आणि ‘सिकलसेल आजार’ निवडला. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला विचारायला कोणी सांगितलेच नव्हते. पुढचे काही आठवडे धडधाकट वाहकांच्या नावासमोर आजाराची लाल पट्टी दिसत होती, आणि एका घरी ठरत आलेले लग्न त्यावरून अडले. पट्टी आम्ही काढली, घरी जाऊन समजावूनही सांगितले, पण झालेली कुजबुज कोणत्या तक्त्यातून काढणार? उलट बाजूही आहे: सहा महिन्यांच्या आतील बाळात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि नुकतेच रक्त चढवलेल्या व्यक्तीतही निकाल फसवा असतो. म्हणून जुना शेरा चाचणीचे नाव आणि तारीख यांसह, शब्दाला शब्द तसाच न्यावा. त्याचा अर्थ लावण्याचे काम डॉक्टर करतील.

दुसरे उदाहरण प्लेटलेटचे. जुन्या प्रोग्रामात एका तंत्रज्ञाने १.५ लिहिले, म्हणजे दीड लाख. दुसऱ्याने १५०००० लिहिले. आणि काउंटर यंत्र आल्यावर कागदावर १५० छापून येऊ लागले, कारण यंत्र हजारांत मोजते. तिन्ही आकडे एकाच रुग्णाच्या एकाच स्थितीचे असू शकतात. नव्या प्रणालीने त्यांचा आलेख काढला, तर डेंग्यूने माणूस गेलाच असे वाटेल. प्रयोगशाळेतील यंत्र कोणत्या तारखेला बदलले, हे तुमच्या खरेदी रजिस्टरात मिळेल. ती तारीख हाती असल्याशिवाय आकडे हलवू नयेत, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्या वेळचे एकक आणि त्या वेळची सामान्य मर्यादा गेली पाहिजे.

रक्तगट न्यावा, पण ‘जुन्या नोंदीनुसार’ असा शिक्का मारूनच. रक्त चढवताना नव्याने तपासणी होतेच. तरीही ठळक अक्षरांत दिसणाऱ्या रक्तगटावर घाईच्या वेळी माणसाचा विश्वास बसतो.

पांढरे_सोने यांचा प्रतिसाद

आपल्या सर्वांचा आभारी आहे. फॉक्सप्रोच्या डिस्कची प्रतिमा कालच घेतली. मेमोची फाइल शेजारीच होती आणि ती आकाराने मुख्य फाइलीहून मोठी निघाली.

२०१२ च्या प्रणालीबाबत मात्र नवी अडचण समोर आली. डेटाबेसचा पासवर्ड आमच्याकडे नाहीच. सध्याच्या कंपनीला विचारले, तर ‘ते आमचे तंत्र आहे’ असे उत्तर मिळाले. शिवाय सल्ल्याचा मराठी मजकूर आमच्या लेखनिकाने बाहेर काढून पाहिला, तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. तो मजकूर गेलाच असे समजावे काय?

वर्धाकाठ यांचे उत्तर

मजकूर गेलेला नाही. तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फॉन्टचे नाव शोधा, ते छपाईच्या मांडणीत सापडेल. त्यानंतर रूपांतर करता येते, पण तपासून घ्यावे लागते, कारण त्या फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात. ‘चिखली’तील पहिली वेलांटी तेथे च च्या आधी येते, तर युनिकोडमध्ये नंतर, ‘वर्धा’तील रफार तेथे ‘धा’च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये र ध च्या आधी हवा. साधने एवढे सांभाळतात. अडखळतात ती जोडाक्षरांवर आणि मराठी-इंग्रजी मिसळलेल्या ओळींवर. औषधाचे इंग्रजी नाव मराठी समजून रूपांतरित झाले, तर ते कोणालाच वाचता येत नाही. त्यामुळे मूळ मजकूरही शेजारी जपून ठेवावा.

पासवर्डबाबत ३१ मार्चची वाट पाहू नका. रुग्णांची माहिती रुग्णालयाच्या ताब्यातली आहे; प्रोग्राम त्यांचा असला तरी त्यातील नोंदी त्यांच्या होत नाहीत. विश्वस्तांच्या सहीने लेखी मागणी करा, आणि देखभालीचा पुढचा हप्ता सर्व तक्ते, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी यादी आणि पासवर्ड मिळाल्यावर देण्याचा प्रस्ताव ठेवा. तुमच्या करारात तशी सोय आहे का, हे वकिलाकडून पाहून मगच पैसे थांबवा. नव्या कंपनीच्या करारात हीच गोष्ट आजच लिहून घ्यावी: करार कोणत्याही कारणाने संपला तरी ३० दिवसांत संपूर्ण माहिती खुल्या प्रकारात, रकान्यांच्या यादीसह, विनामूल्य मिळेल; आणि दर वर्षी एकदा ती तशी काढून दाखवली जाईल. ‘एकरकमी’ या शब्दाऐवजी किती तक्ते, कोणत्या वर्षांचे, आणि तपासणीत चूक निघाल्यास पुन्हा नेण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या.

तपासणीचा नमुना कंपनीला निवडू देऊ नका. तो तुमच्या सिस्टरांनी निवडावा आणि त्यात वाकडी प्रकरणे मुद्दाम घालावीत: ‘बेबी ऑफ’ म्हणून, म्हणजे आईच्या नावाने, नोंदवलेली जुळी मुले, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया, ‘अनोळखी पुरुष’, दिवसांत वय लिहिलेली बालके, एकाच दिवशी डिस्चार्ज होऊन पुन्हा भरती झालेले रुग्ण. प्रत्येक महिन्याच्या भरतीची संख्या शाईच्या रजिस्टराशी ताडून पाहावी. जुळले नाही तर कोणत्या महिन्यात जुळले नाही ते लिहून ठेवावे. काही वर्षांत रजिस्टरच चुकलेले असते. दोन रुग्ण एकच आहेत असे संगणकाने सुचवले, तरी ते आपोआप जोडू देऊ नयेत, माणसाने दोन्ही केसपेपर पाहून जोडावेत.

१५ ऑगस्टबद्दल विश्वस्तांना स्पष्ट सांगा. तेव्हा तुमच्याकडे साप, ताप आणि फवारणी हे तिन्ही एकदम चालू असते. नोंदणी खिडकीवरच्या माणसाला नवा पडदा शिकायला तो हंगाम नव्हे. बदल फेब्रुवारीत करा, म्हणजे ३१ मार्चपूर्वी जुनी आणि नवी प्रणाली काही आठवडे शेजारी शेजारी चालवता येतील आणि सध्याच्या कंपनीला प्रश्न विचारण्याची सोय राहील. उद्घाटन हवेच असेल, तर १५ ऑगस्टला रेकॉर्ड रूमच्या नव्या रॅकचे करा. गठ्ठे जमिनीवर असतील, तर ते त्याआधीच उचलून ठेवा, कारण पावसाळा तोंडावर आहे.